आमंत्रणावर ‘ब्लॅक टाय’ लिहिलंय: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॅक टाय म्हणजे काळा टाय लावून जायचं का?

नाही. इथला ‘टाय’ म्हणजे बो. संध्याकाळी सहानंतरच्या कार्यक्रमासाठी पुरुषांचा हा जवळजवळ गणवेशच आहे: काळं किंवा अतिगडद निळं डिनर जॅकेट, त्याच कापडाची पँट, पांढरा शर्ट, काळा रेशमी बो आणि काळे बूट. लांबलचक काळा टाय लावला की तो साधा सूट होतो, रंग कितीही काळा असला तरी. दुपारच्या जेवणाला कुणी ब्लॅक टाय लिहिलं असेल तर ते चुकीनं छापलंय असं समजा.

डिनर जॅकेट आणि टक्सिडो ही एकाच कोटाची दोन नावं. लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीनं १८६५ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी शेपट्या नसलेला आखूड कोट शिवला, तिथून ही चाल सुरू झाली असं मानतात. पुढं न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क क्लबात तो रुळला आणि अमेरिकेत ते नाव चिकटलं.

पण इंदुरात सगळे जण खरंच हे पाळतात का?

पाळतातच असं नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. इव्हेंटवाले ‘ब्लॅक टाय’ हा शब्द ‘जरा नटून या’ एवढ्याच अर्थानं छापून टाकतात. यजमानांना ‘ड्रेस कोड काय?’ असं विचारलंत तर कार्डावरचंच वाक्य परत ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्या घरचे पुरुष काय घालणार आहेत?’ उत्तर ‘सूट’ आलं तर काळा सूट पुरे. ‘टक्सिडो नाहीतर बंदगळा’ असं आलं तर कोड खरा आहे.

कार्डावर ‘ब्लॅक टाय ऑप्शनल’ असेल तर डिनर जॅकेट घाला किंवा गडद सूट, दोन्ही योग्य. ‘लाउंज सूट’ म्हणजे नेहमीचा टायसकटचा सूट. ‘व्हाइट टाय’ ही त्याच्याही वरची पायरी: शेपट्यांचा कोट, पांढरा बो, पांढरं वेस्टकोट. इथं ते आमंत्रण बहुधा येणार नाही.

बंदगळा घातला तर कमीपणा दिसेल का?

अजिबात नाही. उलट, भाड्याच्या ढगळ टक्सिडोपेक्षा अंगावर नीट बसलेला काळा बंदगळा केव्हाही सरस. इंदुरात तर याला जुना दाखला आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांना फ्रेंच चित्रकार बर्नार बूते द मोंव्हेल यांनी १९२९ मध्ये पाश्चात्य संध्यापोशाखात रंगवलं, खांद्यावर काळी केप. काही वर्षांनी त्याच चित्रकारानं त्यांना मराठा पोशाखात, पगडीसह रंगवलं. माणूस तोच, मान तोच.

बंदगळा ब्लॅक टायच्या तोडीचा व्हायचा असेल तर मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

कापड साधं काळं किंवा अतिगडद निळं, लोकरीचं. जॅकार्डची वेलबुट्टी, चमकी, जरीची पायपिंग नको. सोनेरी पितळी बटणं आणि खांद्यावर पट्ट्या आल्या की माणूस वरातीतल्या बँडपथकातला वाटायला लागतो. बटणं त्याच कापडानं मढवलेली किंवा काळी.

कॉलर साधारण चार सेंटिमीटर उंच, पुढून हुकनं बंद होणारी. गळ्याभोवती एक बोट सहज जाईल एवढी जागा ठेवायला सांगा. घट्ट कॉलर जेवताना टोचते आणि रात्री नऊपर्यंत हुक उघडलेला असतो. उघड्या कॉलरचा बंदगळा म्हणजे बंदगळा नव्हेच.

आत पांढरा, पट्टी-कॉलरचा शर्ट. कॉलरच्या वर पांढरी कड दोन-तीन मिलिमीटर दिसावी आणि बाहीतून कफ एक सेंटिमीटर. काही शिंपी कोटाच्या कॉलरला आतून प्रेस-बटणांची सुटी पांढरी पट्टी लावून देतात. ती आवर्जून करून घ्या. घामानं मळते ती पट्टी, ती काढून धुता येते, कोट वाचतो.

बो किंवा टाय अर्थातच नाही. पँट त्याच कापडाची. चुडीदार घालायची तर कोटाऐवजी गुडघ्यापर्यंतची साधी काळी अचकन शोभते. भरजरी शेरवानी नवरदेवासाठी राहू द्या.

पगडी किंवा फेटा बांधावा का?

घरची रीत असेल तर बांधा. पगडी हा पोशाखाचाच भाग आहे, हॅटसारखी आत गेल्यावर काढायची नसते. टक्सिडोवर मात्र बांधू नका.

टक्सिडो शिवून घ्यायचा आहे. कापड किती, वेळ किती?

५८ इंच पन्ह्याचं कापड मध्यम बांध्याच्या माणसाला सव्वातीन मीटर, अंगानं भरलेल्याला साडेतीन. नुसत्या बंदगळ्याच्या कोटाला दोन ते सव्वादोन मीटर होतं. जॅकेट आणि पँट एकाच ठाणातलं हवं. काळ्याच्याही छटा असतात, एखादा हिरवट, एखादा तपकिरी, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही. एमटी क्लॉथ मार्केटमधून कापड घेत असाल तर ठाण दारापर्यंत नेऊन दिवसाउजेडी बघा. अतिगडद निळा रंग अनेक जाणकार याच कारणानं घेतात: पिवळ्या दिव्यांत काळं विटकं दिसतं, तो निळा मात्र काळ्याहून काळा दिसतो.

शंभर टक्के पॉलिस्टर टाळा. फोटोच्या फ्लॅशमध्ये ते चकाकतं आणि आत घाम कोंडतो. लोकरीचं हलकं कापड, साधारण २४० ते २८० ग्रॅम प्रति चौरस मीटर, इथल्या हिवाळी समारंभांना बरोबर पडतं.

लॅपलसाठी, म्हणजे कोटाच्या छातीवर उलटून बसणाऱ्या कॉलरच्या भागासाठी, सॅटिन किंवा बारीक रेघांचं ग्रोग्रेन लागतं. लॅपलला अर्ध्या मीटरमध्ये भागतं, तरी सव्वा मीटर घ्या. पँटच्या दोन्ही बाजूंनी जी पट्टी जाते ती कमरेपासून घोट्यापर्यंत अखंड हवी, नाहीतर मांडीवर सांधा येतो. बोचं कापडही लॅपलशी जुळणारं असावं.

वेळ किमान तीन आठवडे आणि दोन ट्रायल धरा. तुळशीचं लग्न झालं की शहरातल्या प्रत्येक टेलरकडे नवरदेवांची रांग लागते. तेव्हा ‘पाच दिवसांत देतो’ म्हणणारा तुमची दुसरी ट्रायल गाळणार हे नक्की.

शिंप्याला स्पष्ट सांगायच्या गोष्टी: लॅपल टोकदार किंवा शालीसारखी गोल (साध्या सुटाची खाचेची नको), पुढं एकच बटण, खिशांना झाकण नको, पँटला पट्ट्याचे लूप नकोत, पायाशी दुमडलेली मोड नको. पँटची कंबर बेंबीशी हवी. शेवटची गोष्ट शिंपी बहुधा ऐकत नाहीत, कारण सवय जीन्सच्या खालच्या कमरेची. पण पँट खाली बसली की कोटाच्या बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो, आणि कितीही महागाचं कापड असलं तरी सगळा ढंग तिथं बिघडतो.

ट्रायलला काय बघायचं?

आधी खांदे, कारण बाकी सगळं सुधारता येतं, खांदा नाही. भिंतीला खांदा टेकवून उभे राहा. दंड टेकायच्या आधी कोटाचं पॅड दुमडलं तर खांदा मोठा आहे. मग मान: कोटाची कॉलर आणि शर्टाची कॉलर यांत फट दिसता कामा नये. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या आल्या तर कंबर तंग. हात सरळ सोडल्यावर शर्टाचा कफ एक ते दीड सेंटिमीटर दिसला पाहिजे. कोट बैठक झाकेल एवढा लांब.

ट्रायलला तोच शर्ट आणि तेच बूट घालून जा. चपलांवर मोजलेली पँट बुटांवर आखूड पडते.

भाड्यानं घेतला तर?

एका रात्रीसाठी शहाणपणाचं आहे. खांदा जुळणारा कोट निवडा. बाहीची लांबी, पँटची कंबर तीन-चार सेंटिमीटरपर्यंत, पँटची उंची हे दुकानदार वाढवून-घटवून देतो. छातीवर आणि लॅपलवर हात फिरवून बघा. आतलं फ्यूजिंग, म्हणजे कापडाला चिकटवलेला थर, सुटलं असेल तर बारीक फुगे लागतात, आणि ते इस्त्रीनं जात नाहीत. काखेत वास घ्यायला लाजू नका. शर्ट, बो आणि बूट मात्र स्वतःचे.

शर्ट कसला?

पांढरा, दुमडणाऱ्या साध्या कॉलरचा, दुहेरी कफाचा, म्हणजे कफलिंक लागतात. छातीवर बारीक चुण्या किंवा जाडसर विणीचं मार्सेला कापड. बटणांऐवजी काळे किंवा मोत्यांचे स्टड लावायची रीत आहे. बटणपट्टी झाकलेला शर्टही तितकाच चालतो आणि दुकानात सहज मिळतो. टोकं वर दुमडलेली विंग कॉलर मुळात व्हाइट टायची, ती टाळा. ऑफिसचा पांढरा शर्ट घालायची वेळ आली तर निदान खिसा नसलेला बघा.

बो तयार मिळतो, मग बांधायचा कशाला?

तयार बो इतका रेखीव असतो की तो तयार आहे हे दुरून कळतं. बांधलेल्या बोला थोडा वाकडेपणा येतो, आणि गंमत त्यातच असते. गाठ बुटाच्या लेसचीच आहे:

१. कॉलर उभी करून बो गळ्यात घाला. एक टोक दुसऱ्यापेक्षा दीड इंच खाली ठेवा.
२. लांब टोक आखूड टोकावरून नेऊन गळ्याशी खालून वर काढा, घट्ट ओढा, खांद्यावर टाका.
३. आखूड टोकाची आडवी घडी घालून कॉलरसमोर धरा. हा बोचा पुढचा भाग.
४. लांब टोक तिच्यावरून मधोमध खाली सोडा.
५. त्याच लांब टोकाची घडी करून ती आडव्या घडीच्या मागं तयार झालेल्या फटीतून ढकला. सगळे अडखळतात ते इथंच: फट शोधायला बोचा पुढचा भाग थोडा पुढं ओढावा लागतो.
६. दोन्ही बाजूंच्या घड्या धरून आवळा. मोकळी टोकं ओढलीत तर गाठ सुटेल.

आदल्या दिवशी गुडघ्याच्या वर मांडीभोवती बांधून सराव करा, हात दुखत नाहीत. बांधलेला बो चेहऱ्याच्या रुंदीबाहेर जाऊ नये.

बेल्ट लावायचा?

नाही. पँट गॅलिसवर (खांद्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यांवर) किंवा कमरेला दोन्ही बाजूंनी आवळायच्या पट्ट्यांवर बसते. कंबर झाकायला कमरबंद (चुण्यांचा रुंद पट्टा) किंवा खोल गळ्याचं काळं वेस्टकोट, दोन्ही एकदम नाही. कमरबंदाच्या चुण्या वरच्या बाजूला उघडतात. उलटा बांधलेला फोटोंत नेहमी सापडतो.

बूट, मोजे, घड्याळ?

बूट काळे, लेसवाले, पुढं नक्षी नसलेले. चकचकीत पेटंट लेदर उत्तम. नसतील तर आपले काळे ऑक्सफर्ड आदल्या रात्री पॉलिश करून, सुकवून, नायलॉनच्या जुन्या मोज्यानं घासा, चकाकी येते. मोजे काळे आणि पोटरीपर्यंतचे, बसल्यावर पायाची कातडी दिसू नये. घड्याळ पातळ, काळ्या पट्ट्याचं, नाहीतर नकोच. फोनवर मेसेज दाखवणारं घड्याळ घरी ठेवा. छातीच्या खिशात पांढरा सुती रुमाल, सरळ घडीचा. मोबाइल पँटच्या खिशात घातला की मांडीवर चौकोन उमटतो, तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

पांढरं जॅकेट घालू का?

उन्हाळ्यात, मोकळ्यावरच्या कार्यक्रमाला, जरूर. रंग शुभ्र नाही, हस्तिदंती. लॅपल त्याच कापडाची, सॅटिनची नाही. पँट काळीच.

बायकांनी गाऊनच घालायचा का?

पायघोळ गाऊन हा पाश्चात्य नियम. साडी मुळातच पायघोळ आहे, त्यामुळे ती नियमात चपखल बसते. काळा रंग हवा असंही नाही, हवा तो रंग घ्या. प्रश्न कुठली साडी आणि कशी नेसलेली, एवढाच.

इंदूरपासून महेश्वर जवळ, तेव्हा महेश्वरी हाताशी आहे. तिचा ताणा बहुधा रेशमी आणि बाणा सुती असतो, म्हणून ती हलकी पडते. रात्रीच्या समारंभाला पूर्ण रेशमी किंवा जरीकाठाची निवडा, नाहीतर दुपारच्या हळदीकुंकवाला निघाल्यासारखं वाटेल. तिचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो, पदर उलटला तरी उलटी बाजू दिसत नाही. शीतलामाता बाजारात ‘महेश्वरी’ म्हणून यंत्रमागाच्याही साड्या पुढं येतात. काठाची मागची बाजू उलटून बघा. तिथं लोंबते कापलेले धागे असतील तर ती यंत्रमागाची, दुकानदार काहीही म्हणो.

चंदेरी सुंदर, पण पारदर्शक. तिच्याखाली त्याच छटेचा परकर हवा. नेसून आरशासमोर मोबाइलच्या फ्लॅशनं एक फोटो काढा. डोळ्यांना न दिसणारी परकराची कड फ्लॅशला दिसते. पैठणी किंवा बनारसीला ही अडचण नाही. फक्त पेटीतली पैठणी आठवडाभर आधी काढून वेगळ्या घडीवर ठेवा. वर्षानुवर्षांच्या घडीवर जर चिरते.

फॉल-पिको करताना साडीची उंची त्या रात्रीच्याच टाचांवर मोजा. काठ जमिनीपासून एक सेंटिमीटर वर, परकर साडीपेक्षा इंचभर आखूड. पिनांची संख्या पाच-सहा पुरे: खांद्यावर एक, निऱ्यांना दोन, पाठीशी एक, एक-दोन जास्तीच्या पर्समध्ये. खांद्याच्या पिनेत आधी बारीक मणी ओवा, मग पदरातून टोचा. पिनेच्या मागच्या वेटोळ्यात पातळ रेशीम अडकून फाटतं, मणी ते अडवतो.

पदर मोकळा सोडायचा की चुण्या करून पिनअप? उभ्या-उभ्या जेवण असेल तर पिनअपच. एका हातात ताटली, दुसऱ्यात चमचा, मोकळा पदर सांभाळायला तिसरा हात नसतो.

नऊवारी चालेल का?

चालेल, आणि उठून दिसेल. रेशमी, खरी नेसलेली हवी. शिवलेली तयार नऊवारी दुरूनही ओळखू येते, ती लेझीमला ठीक. पाय थोडे दिसतात, म्हणून चपला नीट बघून घ्या.

काळी साडी नेसली तर सासूबाई काय म्हणतील?

कार्यक्रम काय आहे त्यावर अवलंबून. क्लबची वार्षिक मेजवानी, कंपनीचा सोहळा असेल तर काळी साडी देखणी दिसते. संक्रांतीला आपण काळी चंद्रकळा हौसेनं नेसतोच. लग्नाचं रिसेप्शन असेल आणि घरात वडीलधारी असतील तर गर्द वांगी, मोरपंखी किंवा मेंदी रंग घ्या. दिव्यांत तेवढाच भारदस्त दिसतो आणि कुणाचा चेहराही पडत नाही.

दागिने किती?

एकच जागा निवडा. गळ्यात तन्मणी असेल तर कानात साध्या कुड्या. चिंचपेटी घातली तर आणखी हार नको. मोत्यांचे मराठी दागिने ब्लॅक टायला विलक्षण जुळतात, कारण पुरुषांचा सगळा पोशाखच काळा-पांढरा असतो. नथ नऊवारीवर किंवा पैठणीवर शोभते, गाऊनवर नाही.

कार्यक्रम लॉनवर आहे आणि महिना डिसेंबरचा. थंडीचं काय?

शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, ऐकायला गोड, पण पौषातल्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि गवत दवानं ओलं असतं. बारीक टाच मातीत रुतते, म्हणून रुंद टाच घ्या. बायकांनी पूर्ण बाह्यांचा मखमली ब्लाऊज शिवला तर शाल हातावरच राहते. पुरुषांनी शर्टाच्या आत बिनबाह्यांचं थर्मल घालावं, गळा खोल असलेलं, नाहीतर ते स्टडच्या मागं दिसतं. वर लांब काळा ओव्हरकोट किंवा साधी शाल. टक्सिडोवर चेनचं जॅकेट चढवलेली मंडळी गेटवर हमखास भेटतात. ती गाडीतच काढून ठेवा.

महूच्या लष्करी मेसमधलं आमंत्रण असेल तर?

अधिकारी आपल्या मेस ड्रेसमध्ये असतील. नागरी पाहुण्यांसाठीची सूचना कार्डावर बहुधा वेगळी असते, ती वाचा. लाउंज सूट लिहिलं असेल तर टक्सिडो घालून जाऊ नका. पुरुषांच्या उघड्या चपला-सँडल अनेक मेसमध्ये चालत नाहीत, कोल्हापुरी कितीही नवी असली तरी. शंका असेल तर ज्यांनी बोलावलंय त्यांना आधीच फोन करा.

जेवताना डाग पडला तर?

सॅटिनच्या लॅपलवर पाणी चोळू नका, पाण्याचाच कायमचा गोल उमटतो. कोरड्या रुमालानं टिपा. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर दाबून ठेवा, घरी गेल्यावर झटका, मग ड्रायक्लीन, आणि डाग कसला आहे ते दुकानदाराला सांगा. दरवेळी ड्रायक्लीन करू नका, लोकर निस्तेज होते आणि फ्यूजिंग सुटतं. रुंद हँगरवर रात्रभर हवेला लावलं की पुरतं. इस्त्री करायचीच तर लॅपलवर मलमलचा कपडा ठेवून, मंद आचेवर. जरीच्या साडीवर अत्तर थेट मारू नका, जर काळी पडते.

आणि समारंभानंतर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खायला जायचा बेत असेल, तर कोट गाडीत उलटा, अस्तर बाहेर करून ठेवा. बो सोडून खिशात घाला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारायच्या आधी कफलिंक मोजून घ्या.